वर्षाचं चित्र, माझा एक बाण

मंडळी, आज मी जळतोय. सरळच सांगतो.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कुठला पार्ट कोणत्या मशीनवरून कुठे जातो, त्याची आकृती मी माउसने काढतो. चौकोन, बाण, परत चौकोन. दुपारी साहेबांनी मधेच एक तपासणी वाढवली आणि माझं सगळं परत सरकवणं आलं.

शेजारच्या टेबलावरच्या वर्षाने मात्र नोटपॅडमध्ये 'कशानंतर काय' एवढंच लिहिलेल्या तिच्या नोंदींत एक ओळ टाकली, कमांड दिली आणि आख्खी आकृती वेगळी इमेज फाइल होऊन बाहेर! बाणसुद्धा आपोआप सरकलेले.

"सर, शिकवू का? सोपंय."

"नको गं, माझं होतंय."

साहेबांनी तिचीच फाइल घेतली. संध्याकाळी ती गेल्यावर म्हणाले, "अजून एक बाण हवा." मी ती इमेज पेंटमध्ये उघडली, माउसने जरा वाकडाच बाण ओढला आणि प्रिंट काढून ती मशीनजवळ चिकटवली.

ऑपरेटर लांबूनच हसला. "सर, हा एक वाकडा बाण तुमचा ना?"

आता उद्या वर्षाकडे शिकायला बसू, की तिच्याआधी पोचून तो कागद काढून टाकू? खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?