खलाशीची चौदा वर्षं

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यावर उभी होते. आत अण्णा, माझे वडील, दुसऱ्या दिवशीच्या हृदयाच्या ऑपरेशनची वाट बघत पडले होते. वहिनी आमच्या शेजारच्या. म्हणाल्या, "खलाशी गेला गो. पेज घेऊन गेले, तर..." 

खलाशी म्हणजे आमचा कुत्रा. चौदा वर्षांपूर्वी जेटीवर जाळ्यांच्या ढिगात सापडलेलं तांबूस पिल्लू. अण्णा तेव्हा मच्छीमार होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. पिल्लू त्यांच्यामागून होडीत चढलं आणि ऐटीत पुढच्या टोकावर जाऊन बसलं, म्हणून हे नाव. पहिली लस टोचायला नेलं तेव्हा अण्णांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, "किती जगतात ही?"

"नीट सांभाळलंत तर तेरा-चौदा वर्षं."

अण्णांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे मी शहात्तरचा होईन. जमेल."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण आई गेली, अण्णांनी समुद्रही सोडला, आणि त्या हिशेबाची मला धास्ती वाटायला लागली. होडी विकल्यावर खलाशी दोन महिने रोज पहाटे एकटाच जेटीवर जाऊन बसायचा. ऊन चढलं की मान खाली घालून परत यायचा. ते बघून अण्णा म्हणाले होते, "मी आधी गेलो तर हा असाच वाट बघत राहील. त्याला कोण समजावणार? आधी त्यानं जावं..."

आणि आता तो गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटला कसलाही धक्का नको. मी रिक्षा करून घरी गेले. वहिनींच्या यजमानांनी परसातल्या काजूखाली खड्डा खणला, माती मी हातांनी लोटली. दुपारी परत आले तर अण्णा दाराकडेच बघत होते.

"त्यानं खाल्लान?"

"हो. पेज संपवली. बांगड्याचा तुकडाही खाल्ला."

 माझी नजर त्यांच्या उशाशी लावलेल्या यंत्रावरच्या आकड्यांवर होती. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे आठ दिवस ते रोज तेच विचारायचे आणि मी रोज नवं काहीतरी रचायचे. आज शेपूट हलवली, आज गेटपर्यंत चालला...  घरी गेल्यावर काय, या विचारानं मला जेवण जाईना.

घरी न्यायच्या दिवशी रिक्षा खाडीच्या पुलावर आली आणि अण्णांनी विचारलं, "कुठे पुरलंत त्याला?"

"काजूखाली." मी सांगून टाकलं आणि विचारलं, "कधी कळलं?"

"त्याच दुपारी. तुझ्या नखांत तांबडी माती होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रडलो असतो. ऑपरेशन राहिलं असतं." मग बाहेर खाडीकडे बघत म्हणाले, "माझ्याआधी गेला. बरं झालं..." 

याला आता दीड महिना झाला. शेवटच्या वर्षात खलाशी मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागून झोपायचा. कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे हाक मारली तरी उठायचा नाही. अण्णा अजूनही त्या दारातून जाताना आधी काठी पलीकडे टेकवतात, मग पाय उंच उचलून लांब टाकतात. तिथे काही नाही, हे त्यांना माहीत आहे. काल मी भरलेली कळशी घेऊन मागच्या दारानं आत आले, तेव्हा माझाही पाय तसाच लांब पडला.