माझ्या झाडाखालची स्वच्छ जागा

मंडळी, आज सकाळी माझ्यामुळे जंगलात आग लागली. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मीच सांगतो.

सध्या मोहफुलांचा हंगाम आहे. अड्याळजवळच्या आमच्या गावातले सगळे पहाटेच फुलं वेचायला निघतात. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा साफ ठेवावी लागते. शेजारच्या रेखावहिनी त्यांच्या झाडाखाली खराट्यानं झाडत होत्या. मला झाडायचा कंटाळा आला आणि मी सरळ काडी लावली.

"भाऊजी, जाळू नका. हवा सुटून राहिली," वहिनी म्हणाल्या.

"माह्या झाडाखालचा पाचोळा हाये, मी पायतो ना! तुमाले कायचं टेन्शन?"

बघता बघता आग बाजूच्या झुडपांत शिरली. मी एकटा काय करणार होतो? मग मीच बोंबललो, "धावा रे!" सगळे भरल्या टोपल्या तिथंच टाकून धावले. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून त्यांनी आग विझवली. त्यात वहिनींचा उजवा हात पोळला. परत येऊन बघतो तर टोपल्यांतली फुलं गुरांनी खाल्लेली.

कोणी मला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

उद्या पहाटे पुन्हा फुलं पडतील. वहिनींना खराटा धरता येणार नाही. आणि सगळ्यात स्वच्छ जागा माझ्याच झाडाखाली आहे.

ती फुलं मी कोणत्या तोंडानं वेचू?