लाडवांची सुट्टी

इथे परदेशात, पुंगोलच्या बागेत रोज दिसणारे ते गृहस्थ बसण्याआधी रुमालाने बाक पुसत. माझे बाबा ज्या कोळसा खाणीत राबले, तिथलेच हे निवृत्त मॅनेजर, मुलाकडे आलेले.

"कामगारांची वार्षिक सुट्टी आम्हीच सुरू केली. लाडूही वाटायचो," एकदा ते ऐटीत म्हणाले.

खरं तर एका वर्षी खाणीचं छत कोसळून माणसं मेली, तरी दुसऱ्या दिवशी खाली उतरायचा हुकूम निघाला. कुणीही खाली न्यायचा दिवा उचलला नाही. पगार कापला, तरी दरवर्षी त्या दिवशी दिवे खुंटीवरच राहिले. शेवटी कंपनीने त्यालाच सुट्टी म्हटलं. बाबांनी तो लाडू कधी खाल्ला नाही. गेल्या महिन्यात ते कोळशाच्या धुळीनेच गेले.

"साहेब, तुम्ही खाली उतरलात कधी?" मी विचारलं.

"छे हो! मला धूळ सोसत नाही," म्हणत त्यांनी पुसलेला बाक पुन्हा पुसला.