यमुनाबाईंच्या मोटारीचं चोरबटण

तुमच्या दाराला कुलूप आहे ना? मग सांगा, ते कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे आणि कोणाला आत घेण्यासाठी, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मी केला नव्हता. मालमत्ता, मालक आणि कुलूप या तिन्ही शब्दांवर मी ताडताड पत्रकं लिहिली. आमचा छापखानाच होता, त्यामुळे ती छापलीही. पण विचार केला तो यमुनाबाईंनी, आणि तोही एका जुन्या मोटारीसाठी.

गडचिरोली–चामोर्शी बस चालवणारे गणपतभाऊ त्या दिवशी चांद्याला आमच्या छापखान्याच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा माझ्या हातात ओलं प्रूफ होतं. भाऊ आत येईनात. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. मग म्हणाले, "बाई गेल्या रे. ताप होता. दुसऱ्याईले कुनैन देत फिरल्या, अन् स्वतः..." प्रूफ माझ्या हातात तसंच वाळून गेलं. त्यातल्या चुका अजून सुधारायच्या राहिल्या आहेत. माझं पत्रक हाती पडलं की बाई पहिल्यांदा ते पालथं करून मागची कोरी बाजू बघायच्या आणि म्हणायच्या, "हे बाजू बरी हाये, पत्रकवाल्या. इथी कोनाले शिव्या नाई." आता माझं लिखाण पालथं करून बघणारं कोणी उरलं नाही.

यमुनाबाई गडचिरोलीच्या नर्सबाई. त्यांचे यजमान जंगलखात्यात होते. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी त्याची लढाईआधीची मोटार घेतली आणि थोड्याच काळात ते वारले. कापडी टपाची, दोन्ही बाजूंना पायरी असलेली, पुढून हँडल मारल्याशिवाय न जागणारी ती गाडी. लोक म्हणाले, विका. बाईंनी धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांमध्ये ती चालवायला शिकून घेतली. धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ओलांडताना गाडी कशी उडायची ते सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरत नसे. मग आरमोरीपासून चामोर्शीपर्यंत कुठे बाई अडली की मोटार निघायची. आणि प्रकरण हाताबाहेरचं असेल तर नावेवर चढून, वैनगंगा ओलांडून, थेट चांद्याच्या दवाखान्यात.

ती मोटार चोरीला गेली चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी. तळ्याकाठच्या ढिवर कोळ्यांच्या वस्तीत सगुणा नावाची बाई बाळंत होत होती, पहिलटकरीण. पोर पायाळू आहे हे हाताला लागताच बाईंनी ठरवलं की चांद्याला न्यायचं. बाहेर आल्या तर झाडाखाली मोटार नाही. त्या काळच्या गाडीला चावी म्हणजे नावालाच, चपटा खिळा घातला तरी फिरायची. बाजारात आलेल्या कोण्या हौशी टोळक्याने ती नेली होती. पुढे ती नदीच्या रेतीत सापडली, पेट्रोल संपल्यावर टाकून दिलेली. पण सगुणाला मात्र बैलबंडीत घालावं लागलं. ती वाचली. पोर रस्त्यातच गेलं. बाई त्या बंडीच्या मागे चालत होत्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं, "बैलाईचा काई दोष नोहता."

त्यानंतर त्या मोटार घेऊन चांद्याला हनीफभाई मिस्त्रींकडे आल्या. मीही तिथे गेलो, कारण मला वाद घालायचा होता. हनीफभाईंनी एकेक उपाय सांगायला सुरुवात केली. पहिला, दारात घंटेची कळ बसवायची. दार उघडलं की भोंगा ओरडायला लागेल, बंद होणारच नाही. बाई म्हणाल्या, "मी आतमधी बाळंतीण पायतो, अन् बाहेर बकरी पायरीवर चढली की भोंगा. बाई दचकन त्याचं काय?" दुसरा उपाय, चाकाला साखळी आणि कुलूप. "किल्ली माह्या कमरेले. अन् मी बंडीनं दुसऱ्या गावाले गेली असन तं?" तिसरा, इंजिनाच्या टोपणातला छोटा तुकडा काढून खिशात ठेवायचा. तेही तसंच, बाई दूर तर मोटार मेलेली. इथे मी तोंड घातलं. म्हणालो, मोटार जनतेची आहे, जनतेच्या वस्तूला कुलूप लावणं हा जनतेवरचा अविश्वास आहे. बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "जनतेनंच नेली ना बाप्पा मोटार. रेतीत टाकून गेली." हनीफभाई पान थुंकायला बाहेर गेले, हसू लपवायला.

शेवटी चोरबटण ठरलं. इंजिनाला जाणाऱ्या करंटची तार तोडून मध्ये एक लपवलेलं बटण. ते दाबलेलं नसेल तर हात तुटेपर्यंत हँडल मारा, गाडी ढिम्म. हनीफभाई प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, कारीगर आदमी असन तं ढूंढून काढन. पन चोराजवळ तेवढा टाइम कुठी असते?" बाईंना एवढं पुरेसं होतं. मात्र बटण कुठे बसवायचं हे त्यांनी हनीफभाईंनाही कळू दिलं नाही. तार लांब सोडायला लावली आणि उरलेलं काम घरी दार लावून स्वतः केलं.

आता मला प्रश्न पडला होता तो साधाच. बाई नसताना मोटार कोण सुरू करणार? कारण ती सुरू होत होती. बाई कुठे दूर अडकल्या असल्या तरी गणपतभाऊ किंवा जंगलखात्याचा एखादा ड्रायव्हर मोटार काढायचा आणि अडलेली बाई दवाखान्यात पोचायची. गणपतभाऊंना विचारलं तर म्हणायचे, "मले काय मालूम. मी हँडल मारतो, थे चालू होते." नियम एकच होता, बाईंनी घालून दिलेला. सोबतची बाई आधी मोटारीत बसेल, मग ड्रायव्हर हँडलला हात लावेल. मला तो नियम फार आवडला. पुरुषाआधी स्त्रीला जागा! मी त्यावर एक पूर्ण पत्रक लिहिलं. बाईंनी ते वाचलं, पहिल्यांदाच पालथं न करता वाचलं, आणि डोळ्यांना पदर लावून इतक्या हसल्या की मला वाटलं रडताहेत. "चांगलं लेह्यलं," म्हणाल्या. "असंच लेहत राय." त्या का हसल्या ते मी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं. पण आता गडचिरोलीला जाऊन विचारणार कोणाला, दार उघडं आहे आणि आत फिनेलचा वास तेवढा आहे...

त्यांच्याबरोबर मी कितीतरी बारशांना गेलो. पुरुषांनी अंगणात बसायचं आणि घुगऱ्या खायच्या. आतून कुर्र ऐकू यायचं, पाठीत धपाटे बसल्याचे आवाज, बायकांचा कल्लोळ. बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, हे आपल्याला माहीतच आहे. त्या कल्लोळात यमुनाबाई बाळाच्या आईच्या कानाशी वाकायच्या, हे मात्र आम्हा अंगणातल्यांना कधी दिसलं नाही.

ते कळलं बाई गेल्यानंतर. त्यांचे आरमोरीचे दीर घर आवरायला आले होते. भला माणूस, पण मोटारीचं काय करावं हे त्यांना सुचेना. एका लाकडाच्या ठेकेदाराला मुनीम जंगलात न्यायला गाडी हवी होती. त्याचा माणूस अंगणात हँडल मारून मारून घामाघूम झाला. मग दिरांनी चांद्याहून हनीफभाईंना बोलावून घेतलं (त्यांच्यासोबत मीही गेलो, गणपतभाऊ तिथे होतेच) आणि तारा सरळ जोडून द्यायला सांगितलं. हनीफभाईंनी टोपण उघडलंसुद्धा नाही. ओट्यावर बसून म्हणाले, "करता येते, रावसाहेब. पन बाईनं जे झाकलं थे मी काऊन उघडू?" अशी बोलाचाली चालू असताना दारात बंडी येऊन थांबली. पुढे सगुणा, त्या पहिल्या पोरानंतर बाईंच्याच हातून दोन लेकरं झालेली; बंडीत तिची भावजय, कण्हतही नव्हती इतकी थकलेली. सगुणाला बाई गेल्याचं ठाऊक होतं. तरी ती आली होती. कोणाकडे न बघता ती मोटारीत जाऊन बसली, डोक्यावरून पदर ओढला, क्षणभर वाकली. मग गणपतभाऊंना म्हणाली, "मार हँडल." पहिल्याच फेऱ्यात इंजिन बोललं.

मग दीर पुढे झाले, "बटन कुठी हाये ते तं सांग, बाई." सगुणाने भावजयीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बारशाच्या दिवशी कानात सांगतलेलं असं चवाट्यावर सांगत असतेत का?" आणि मोटार गेली. भावजय आणि तिची लेक चांद्याच्या दवाखान्यातून सुखरूप घरी आल्या.

बाईंनी हात लावून सोडवलेल्या प्रत्येक आईला ते बटण माहीत आहे. आरमोरीत माहीत आहे, चामोर्शीत माहीत आहे, जंगलातल्या ज्या पाड्यांची नावं माझ्या एकाही पत्रकात नाहीत तिथे माहीत आहे. जनता जनता म्हणून मी ज्यांना हाका मारत होतो, त्यांच्या हाती बाईंनी कधीच किल्ली दिली होती, आणि ती चोराच्या हाती पडणार नाही अशी दिली होती. मला बाईंनी सगळं शिकवलं, टाके कसे घालतात ते, धुऱ्यावरून गाडी कशी काढायची ते. ते एक सोडून. मला ते जाणून घ्यायचं नाही. पण त्या कानाशी वाकल्या की त्यांचा आवाज कसा होत असेल, ते एकदा ऐकायला मिळालं असतं तर...

दिरांनी शब्द दिला आहे. मोटार चालवायला माणसं मिळत राहिली, तर ती अंगणातून हलवणार नाहीत. गणपतभाऊ बसवर असले की मी जातो, पण आम्ही दोघं पुरे पडत नाही. वाचक हो, तुमच्यापैकी ज्यांना मोटार चालवता येते आणि जे या भागात राहतात, त्यांनी आपला एखादा वार या मोटारीला द्यावा, ही विनंती. गडचिरोलीत नर्सबाईंचं घर कोणीही दाखवेल. सोबतची बाई आधी बसेल. तिला काही विचारू नका. हँडल मारताना नजर जमिनीवर ठेवा.