बाभळीला बांधलेला नर

दर हिवाळ्यात तो मेंढपाळ राजूरजवळ आमच्या मोकळ्या शेतात मेंढ्या आणि कच्छी उंट घेऊन उतरतो. तो मूळचा कच्छचा, पण मराठी इथलीच बोलतो. बोलताना त्याची नजर माझ्याकडे नसते, उंटांकडे असते.

इथे त्याच्या भावकीतली माणसं आपला कळप घेऊन भेटायची आणि नर उंटांची अदलाबदल व्हायची. यंदा ती माणसं टेम्पोतून आली.

"चरायला जागाच न्हाई, भाऊ. इकून टाकले त्यांनी उंट."

उंटाची जात वाचवा, अशी पत्रकं आम्ही छापतो; सभेत तेच सांगणारे गायरानाला तारा ठोकतात.

आता त्याच्या कळपातल्या साऱ्या माद्या त्याच्या एकुलत्या नराच्याच लेकी आहेत. मागच्या साली त्यातल्या एकीला त्या नरापासून वाकड्या पायांचं पिल्लू झालं. ते उभं राहिलंच नाही.

यंदा नर माजावर आला, तसं मेंढपाळाने त्याला माद्यांपासून लांब बाभळीला बांधलं.

"मंग पिल्लं?" मी विचारलं.

"बापाला लेक देऊ का?"

"अन् पुढच्या साली?"

"तुम्ही पत्रकं छापता ना? छापा मंग, नर पाहिजे म्हणून."

पलीकडे माद्या ओरडत होत्या. नराने दोर ताणला. मेंढपाळाने उठून दोराला आणखी एक गाठ मारली.