साहेबांचं मराठी

साहेब हसत होते. हसत हसतच मराठीत म्हणाले, "तुझ्या जातीचा हात लागल्यावर सील शाबूत कसं राहील?"

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. कलकत्त्यातलं सरकारी ऑफिस, मी खरेदी खात्यात कारकून. टेंडरच्या पेटीला दोन कुलपं. एक किल्ली साहेबांकडे, एक माझ्याकडे. पेटी दोघांनी मिळून पुरवठादारांसमोर उघडायची. त्या दिवशी एका पाकिटावरचं लाखेचं सील फुटलेलं निघालं. समोर हावड्याचे कारखानदार बसलेले. मराठी कोणालाच कळत नव्हतं. त्यांना वाटलं, एकाच मुलखातले दोघं मायेनं बोलतायत. त्यांच्यातले घोषबाबू तर कौतुकानं मान डोलवत होते.

साहेब पुण्याहून बदलून आले तेव्हा मी खूश झालो होतो. परमुलखात आपलं माणूस! पण पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. तिथंच मी ओळखलं. नंतर माझ्याकडची किल्ली ते कधी हातात घ्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायला लावायचे. मला गोड बोलण्याचीच धास्ती बसली. कोणी चहा विचारला तरी वाटायचं, याच्या पोटात काय आहे?

आता तर नोकरीवरच आलं होतं. पाकीट फोडल्याचा आळ म्हणजे कायमचं घरी. गप्प बसलो असतो तर तीच कबुली ठरली असती. मी गिळणार याची साहेबांना खात्री होती. आजवर गिळलंच होतं.

मी उभा राहिलो. साहेबांचं वाक्य हिंदीत सांगितलं. मग मोडक्या बंगालीत. जातीसकट.

कोणी हसलं नाही. घोषबाबू खाली बघत म्हणाले, "सील तो हमारे यहाँ ही टूटा था. हम ऐसा ही डाल दिया."

पाकीट त्यांचंच होतं. मग इतका वेळ का बोलले नाहीत? तो संशय अजून गेलेला नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अरे, गंमत केली. आपल्यातलं बोलणं असं बाहेर सांगतात का?"

"आपल्यातलं म्हणजे कोणातलं, साहेब?" मी विचारलं. तेही हिंदीत.

पुढं माझी गोदामात बदली झाली. व्हायचीच होती. वाईट वाटलं, रागही आला. पण त्या दिवसापासून कोणी जवळ येऊन हळू आवाजात मराठी बोलायला लागलं, की मी आधी सांगून टाकतो. जे बोलायचं ते सगळ्यांना कळेल असं बोला. नाहीतर मी बोलेन.