कानाचा दाखला

मामांना ऐकू येत नाही, ही बातमी कामावरून घरी आली आणि घरातून गल्लीभर झाली. लोक त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. कोपऱ्यावरचा शिंपी तर खाणाखुणा करत मापं घेऊ लागला.

साफ खोटं. मामी दोन खोल्यांपलीकडे पुटपुटली तरी मामांना शब्दन् शब्द कळतो.

मामा लिफ्ट दुरुस्त करतात. मध्यंतरी लिफ्टच्या टपावर, दोन मजल्यांच्या मधोमध अंधारात तीन तास अडकले. सुटल्यावर चहा प्यायले, म्हणाले, "काही नाही झालं." तेव्हापासून टपावर पाय ठेवला की श्वास कोंडायचा. जोडीदाराने "चढा!" म्हटलं की मामा "आं? काय?" करत वेळ काढायचे. शेवटी वैतागून तोच चढायचा. साहेबांनी फर्मावलं, "हाक ऐकू येत नसेल तर टपावर काम नाही. सोमवारी कानाचा दाखला आणा, नाहीतर गोदामात बसा." सव्वीस वर्षांचा कारागीर आणि गोदामात!

तरीही खरं सांगायचं सोडून मामा चक्क कान तपासायला गेले. तिथे बंद खोलीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. दार लागलं आणि मामांनी बटण दाबलं ते सोडेचनात. शर्ट घामाने चिंब. तपासणारी बाई म्हणाली, "कान ठणठणीत आहेत हो. दुखणं दुसरंच दिसतंय."

घरी मामीचा पारा चढला. "अहो, भीती वाटते म्हणायला जीभ झडते का?"

"पुरुषमाणसाने असं म्हणायचं? लोक हसतील."

"आणि बहिरा म्हणून कानाशी बोंबलतात, ते चालतं?"

"बहिरेपण वेगळं. ते कामातून येतं."

"मग हे कशातून आलं? माझ्या माहेराहून?"

मनाच्या डॉक्टरांची वेळ मामीनेच घेतली. बाहेरच्या बाकावर मी मामांशी पैज लावली: मामा आत जाऊन पित्ताचीच तक्रार सांगणार. मी हरले तर महिनाभर त्यांची नक्कल करणं बंद. "लागली," मामा गुरगुरले.

मामा आत गेले, पण दार नीट लागलं नव्हतं. "पित्ताचा त्रास आहे, डॉक्टर." मी मामीला कोपर मारलं. मामीने कपाळावर हात मारून घेतला.

मग खुर्ची करकरली.

"पित्त नाही. भीती वाटते. रोज."

आवाज असा काही चिरकला होता, की मी तो हुबेहूब काढला असता. पण महिना सुरू झाला होता.